नदी नसलेल्या गावाचं अकरावं कलम

आमच्या गावाला नदी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे. एक ओढा आहे, तो पोळ्यापर्यंत कसाबसा वाहतो आणि मग त्यात क्रिकेट चालतं. गाव कोणतं ते विचारू नका. देगलूरहून जीपनं जाता येतं आणि गावाच्या पुढं थोड्याच अंतरावर महाराष्ट्र संपतो, एवढं पुरे. मी तिथल्या नगरपरिषदेत लिपिक आहे. अजूनही आहे, म्हणून जरा जपून बोलते.

ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्यांना सगळं गाव हरकतमामा म्हणायचं. तहसीलच्या आवारात लिंबाखाली त्यांचं टेबल. धंद्यानं ते अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे. आमच्याकडं निजामाच्या वेळेपासून हाच शब्द आहे. टेबलावर टाइपरायटर, त्यावर पावसाळ्यात प्लॅस्टिक आणि उन्हाळ्यात ओलं फडकं. आजूबाजूला सगळ्यांनी कॉम्प्युटर घेतले, झेरॉक्स घेतली, मामांनी नाही घेतलं. विचारलं तर म्हणायचे, "त्या यंत्राला मागलं पान पाठ आसतंय. मंग मानूस पुढलं पान इचार न करता काढतोय." मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याला शिकायचा कंटाळा आहे.

अर्ज लिहिणं हे त्यांचं पोटाचं काम. खरं काम वेगळंच. सरकारला एखादा नवा नियम करायचा असला की आधी त्याचा मसुदा राजपत्रात छापतात आणि खाली लिहितात, कुणाच्या हरकती वा सूचना असतील तर अमुक मुदतीत लेखी पाठवाव्यात. आपण सगळे समजतो की हे रीत म्हणून लिहिलेलं असतं. मामा समजायचे की हे त्यांना लिहिलंय. दुधाच्या तपासणीचे नियम आले, मामांची हरकत गेली. लिफ्टचे नियम आले, मामांची हरकत गेली. प्रवासी बोटीत किती माणसं बसवावीत याचे नियम आले, तरी गेली. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी बोट बघितलेली नाही. रजिस्टर टपालाच्या पोचपावत्या ते तारेत ओवून ठेवायचे आणि ती तार लिंबाच्या फांदीला टांगलेली असायची.

एवढ्या वर्षांत एकदाच उत्तर आलं. पोस्टमननं लांबूनच ओरडून सांगितलं, चार माणसं जमली, मामांनी पाकीट फोडलं. एकच ओळ होती, 'आपली सूचना विचारात घेण्यात आली आहे.' दुसऱ्या कुणी ती काचेत बसवून भिंतीला लावली असती. मामांनी त्याच दिवशी उलट टपाली विचारलं, 'काय विचार केला, ते कळवावे.' त्याचं उत्तर काही आलं नाही. पण मामांनी दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवणं सोडलं नाही.

घरीही हेच. दुपारी दोन ते चार घरात कुणी मिक्सर लावू नये असा नियम त्यांना करायचा होता, तर त्याचा मसुदा त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. खाली हरकतीसाठी मुदत. मामींनी त्याच कागदावर खाली पेन्सिलनं लिहिलं, 'मग चटणी तुम्ही पाट्यावर वाटणार का?' मामांनी हरकत रीतसर वाचली, मामींना समोर बसवून सुनावणी घेतली आणि अंतिम नियमात 'चटणी वगळून' असे दोन शब्द घातले. हे मला मामींनीच सांगितलं, पदर तोंडाला लावून हसत. पण हसून झाल्यावर म्हणाल्या, "खरं सांगू का बाई, ह्या घरात मला इचारल्याबिगर एक गोष्ट झाली न्हाई. कितीजनींच्या घरात आसं आसंल?"

अर्ज लिहायला आलेल्या माणसाचा मात्र ते जीव काढायचे. कुणी म्हटलं, "मामा, आमच्या रानात अतिक्रमण झालंय, लिवा," की ते बोटं टाइपरायटरवरून उचलायचे. "अतिक्रमण म्हंजे काय?" माणूस गांगरायचा. "म्हंजे, शेजाऱ्यानं बांध कोरला." "मंग तसं सांग की. कामून मोठा शब्द घेतूस, ज्याचं वजन तुला उचलत न्हाई?" कायदा कुठलाही असो, ते आधी व्याख्यांचं कलम वाचत. त्याच्याही आधी 'उद्देश व कारणे'. विधिमंडळात विधेयक मांडतात तेव्हा त्याला असं एक निवेदन जोडलेलं असतं, हा कायदा का हवाय ते सांगणारं. मामांचं ते सगळ्यात आवडतं पान. "आधी कारन सांगा, मंग कायदा सांगा. ज्याला कारन न्हाई, ते कलम चोरीचं समजा."

मी ते ऐकलं होतं, तरी चोरी केलीच.

नोकरी नवी होती. मुख्याधिकारी साहेब एके दिवशी म्हणाले, आठवडी बाजाराचे उपविधी करायचेत, मसुदा करा. उपविधी म्हणजे नगरपरिषदेनं आपल्या गावापुरता केलेला कायदा. मामा त्याची उतरंड अशी सांगायचे: विधिमंडळ करतं तो अधिनियम, हा आज्जा. त्याच्या पोटी सरकारचे नियम, हा बाप. आणि त्यांच्या हाताखाली गावाचे उपविधी, हे लेकरू. "लेकरानं आज्ज्याच्या शब्दाबाहीर जायाचं न्हाई," म्हणायचे. हे लेकरू जन्माला कसं घालायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी दुसऱ्या एका गावाच्या नगरपरिषदेचे उपविधी कॉम्प्युटरवर मिळवले, गावाचं नाव बदललं, छापले आणि साहेबांपुढं ठेवले. साहेबांनी सही केली. सर्वसाधारण सभेत विषय आला तेव्हा इतिवृत्तात वाक्य पडलं, 'टिपणी वाचली असे समजून मंजूर.' म्हणजे मी वाचलं नाही, साहेबांनी वाचलं नाही, सभेनं वाचलं नाही. आणि नोटीस फळ्यावर लागली, हरकतींसाठी तीस दिवस.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ती नोटीस सहज वाचायला उभी राहिले आणि एका ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. कलम अकरा: 'बाजाराच्या दिवशी नदीच्या घाटावर जनावरे धुण्यास मनाई राहील.' कुठली नदी? कुठला घाट? मी इकडं तिकडं बघितलं. फळ्यासमोर कुणीच नव्हतं. मी गप्प बसायचं ठरवलं.

कलम चारकडं माझं लक्षच गेलं नव्हतं. ते मामांचं गेलं. बाजारात बसणारा विक्रेता या तालुक्याचा रहिवासी असावा आणि त्यानं तसा दाखला बाळगावा, असं ते कलम. त्या दुसऱ्या गावात कुणाचं तरी भांडण असेल, म्हणून घातलं असेल. आमच्या बाजारात मात्र निम्म्या बाया हद्दीपलीकडून येतात, कुणी कर्नाटकातून, कुणी तेलंगणातून. पाण्याच्या टाकीखाली बसणारी नागव्वा त्यातलीच. अंबाडीच्या पेंड्या आणायची आणि कानडीत "पुंडी, पुंडी" म्हणून ओरडायची. मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासूनची तिची जागा. मला ती तंगी म्हणे, म्हणजे धाकटी बहीण. तिच्या बाजूचा बाजार इतका लांब की पाला वाटेतच सुकायचा. आमचा सोमवार गेला तर तिचं सगळंच गेलं.

मामा नोटिशीची नक्कल घेऊन माझ्या टेबलाशी आले. "बाई, हे कुनी लिव्हलं?"

"ऑफिसनं."

"ऑफिसाला हात नसत्यात." मग आवाज बारीक करून विचारलं, "नोकरी पक्की झाली का तुमची?"

"सहा महिने आहेत अजून."

"हां," म्हणाले आणि कागदाची घडी करून निघून गेले. मला उगाच हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची हरकत आली, कलम चारवर. गावात बातमी पसरली. आता गंमत अशी की हे कलम गावात कुणालाच हवं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. पण ते आहे म्हटल्यावर चार दुकानदारांना एकदम आवडायला लागलं. बाहेरच्या बाया गेल्या तर आपली गिऱ्हाइकं वाढतील, राहू द्या की! माझी एक चूक आठवड्याभरात गावाची मागणी होऊन बसली. मामा मला म्हणाले, "बगा बाई, कुनी मागितला न्हाई, कुनी वाचला न्हाई, तरी कायदा व्हऊन राहिला. आसे किती झाले आसतील?"

नगरपरिषदेचा अध्यक्ष माणूस मोठ्या मनाचा. ते स्वतः लिंबाखाली आले. नागव्वाही तिथंच होती. अध्यक्ष म्हणाले, "मामा, कशाला ताणता? ह्या म्हातारीला कोन उठवतंय? मी सांगून ठेवतो, हिला कुनी हात लावनार न्हाई. कलम राहू द्या कागदावर."

नागव्वानं हात जोडले. झालं की काम! मामांनी चष्मा काढला. "तुमी हाव तवर. तुमच्या मागून दुसरा येईल, त्याला ही म्हातारी आवडली न्हाई तर? आन् हिच्या शेजारची मिरचीवाली? तिला तुमी वळखता का? ही मेहेरबानी झाली, अध्यक्षसाहेब. मेहेरबानी मला नगं. कलम खोडा."

अध्यक्ष रागानं निघून गेले. नागव्वा त्याहून रागावली. "माजं काम झालं होतं," ती ओरडली, "तुला काय, तू बसून टकटक करतूस!" मलाही त्या दिवशी मामांचा संताप आला. एका गरीब बाईचं होत आलेलं काम तत्त्वासाठी मोडणारा माणूस मला हट्टी आणि थोडा दुष्टही वाटला. मी तसं त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "आसंल," आणि टाइप करत राहिले.

पुढच्या सोमवारी एका दुकानदारानं मिरचीवालीला उठवलं. कायदा अजून झालाही नव्हता, नुसता मसुदा होता. पण तो फळ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "कायदा आलाय, ऊठ." ती बिचारी उठली. तिची ओळख अध्यक्षांशी नव्हती. नागव्वाला कुणीच काही म्हटलं नाही, तरी ती आपल्या पेंड्या गोळा करून उठली आणि सरळ लिंबाखाली येऊन बसली. "लिव," म्हणाली.

मामांनी सगळ्या बायांची नावं-गावं विचारून घेतली आणि आठवडाभर टाइप केलं. प्रत्येकीची हरकत वेगळ्या कागदावर. एकच अर्ज करून खाली सगळ्यांचे अंगठे घेतले असते तर तासात काम होतं. मी तसं म्हटलं. "एका कागदाला एक ओळ लिव्हून वाटंला लावत्यात, बाई. त्रेचाळीस कागद आले की त्रेचाळीस मानसं ऐकावी लागत्यात." अंगठे घ्यायला मात्र बाया बाजाराच्या दिवशीच भेटणार. आणि मुदतीचा तिसावा दिवस होता रविवार.

सोमवारी सकाळी साहेबांनी मला बजावलं, "मुदत काल संपली. आता एकही हरकत घ्यायची नाही." आणि ते मीटिंगला नांदेडला गेले.

अकराच्या सुमाराला मामा आले. मागं त्रेचाळीस बाया, कुणाच्या डोक्यावर टोपलं, कुणाच्या बोटाला अजून शाई. आवक-जावकच्या टेबलाला मी एकटी. मी म्हटलं, "मामा, मुदत संपली. साहेबांनी नाही सांगितलंय."

मामांनी पिशवीतून एक जुनं पुस्तक काढलं. कायदे कसे वाचायचे एवढंच सांगणारा एक कायदा असतो, तो. त्यात त्यांनी बोट ठेवलं. शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर दफ्तर पुन्हा उघडेल त्या दिवशी केलेलं काम मुदतीतलं धरावं. मी ते दोनदा वाचलं.

"मी घ्या म्हनत न्हाई," मामा म्हणाले. "नगं आसतील तर नगा घेऊ. फकस्त का घेत न्हाई, त्याचं कारन लिव्हून द्या. तुमच्या सहीनं."

मी कोरा कागद पुढं ओढला. 'कारण' एवढा एक शब्द लिहिला आणि पेन तिथंच थांबलं. काय लिहिणार होते मी? साहेब नको म्हणाले? दुकानदारांना आवडत नाही? की मीच न वाचता उतरवलं होतं? समोर नागव्वा उभी होती. ती नुसती माझ्याकडं बघत होती. मी तो कागद चुरगाळला, शिक्का घेतला आणि मारायला लागले. आवक, तारीख, सही. त्रेचाळीस वेळा. शाईची पेटी मधेच कोरडी पडली, तर मिरचीवालीनं स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यात शिंपडलं. शेवटच्या कागदाशी माझा दंड भरून आला होता, आणि भीती कुठं गेली होती कुणास ठाऊक. साहेबांनी दुसऱ्या दिवशी आरडाओरडा केला. मी त्यांच्यापुढं मामांकडून ठेवून घेतलेलं ते पुस्तक उघडलं. त्यांनी वाचलं आणि पुस्तक मिटून मला परत दिलं.

सुनावणी सभागृहात झाली. पहिल्या पाच-सहा बायांपर्यंत सदस्य मोबाईल बघत होते. दहाव्या बाईनंतर एकेकानं फोन खाली ठेवला. नागव्वाची पाळी आली तेव्हा ती खुर्चीवर बसेना, उभीच राहिली. "हद्द कुठं हाय मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "जीप कुठं थांबते, ते ठावं हाय. तुमच्या घरात पुंडीची भाजी व्हते, तवा ती कुठली, इचारता का?" अध्यक्ष खाली बघायला लागले. त्यांच्या घरी दर सोमवारी अंबाडी जायची, हे सगळ्यांना माहीत होतं.

मामा सगळ्यात शेवटी बोलले आणि थोडंच बोलले. आज्ज्यानं बाजार नीट चालवायला सांगितलंय, कोण कुठल्या गावचा ते विचारायला सांगितलेलं नाही. सभेनं कलम चार वगळलं. मामा तरी उठेनात. इतिवृत्तात तसं लिहून, त्याची नक्कल हातात पडल्यावरच ते खुर्चीवरून हलले. बाहेर नागव्वानं त्यांच्या टेबलावर एक पेंडी ठेवली. मामांनी टाइपरायटरला कागद लावला आणि तिला पोच दिली: 'पुंडीची एक पेंडी मिळाली.' ती पोच तिनं कितीतरी दिवस टोपल्यात जपून ठेवली होती.

उपविधी वर मंजुरीला गेले, मंजूर होऊन आले, राजपत्रात छापले गेले. कलम अकरासकट. आमच्या गावात घाटावर जनावरं धुवायला तेव्हापासून कायद्यानं मनाई आहे. एवढ्या मोठ्या सुनावणीत घाटाचा शब्दही निघाला नाही. मी मनात म्हटलं, हे म्हाताऱ्याच्या नजरेतून सुटलं. माझी नोकरी पक्की झाली. घरात पेढे वाटले.

मागच्या वर्षी मामांची नजर फारच गेली. लेक त्यांना आणि मामींना लातूरला घेऊन गेली. जाताना त्यांनी टाइपरायटर तालुक्याच्या वाचनालयाला दिला, पोचपावत्यांची तार मामींनी बॅगेत घातली, आणि बाजाराच्या उपविधींची फाईल माझ्या हातात ठेवली. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," एवढंच म्हणाले.

ती फाईल मी कितीतरी दिवस उघडली नाही. उघडली तेव्हा सगळ्यात खाली त्यांच्या हरकतीचा पहिला मसुदा सापडला. मुद्दा क्रमांक एक: 'कलम ११. या गावास नदी नाही. सबब सदर मसुदा अन्य गावाच्या उपविधींवरून न वाचता उतरविल्याचे उघड होते.' त्या पूर्ण मुद्द्यावर पट्टी धरून पेनानं आडवी रेघ मारलेली. बाजूला त्यांच्या बारीक अक्षरात कारण लिहिलं होतं. कारणाशिवाय ते काही खोडत नसत. 'बाईंची नोकरी पक्की व्हायची आहे.'

मी दफ्तरातच रडले. शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, काय झालं, तर मी म्हटलं, काही नाही, धूळ गेली. ज्या माणसानं बोटीच्या नियमातलं एक कलम सोडलं नाही, अध्यक्षांची मेहेरबानी तोंडावर परत केली, त्यानं आयुष्यात एकच कलम सोडलं होतं, आणि ते माझ्यासाठी. त्याबद्दल मला कधी बोलूनही दाखवलं नाही. मी मात्र इतकी वर्षं समजत होते की त्यांना दिसलंच नाही.

मग मी दुरुस्तीची टिपणी लिहिली. कलम अकरा वगळण्याबाबत. कॉम्प्युटरवर जुनी टिपणी उघडली नाही, कोऱ्या कागदावर लिहिली. 'कारणे' या मथळ्याखाली लिहिलं: आपल्या गावास नदी नाही. सदर कलम मी अन्य गावाच्या उपविधींवरून न वाचता उतरविले होते. खाली माझं नाव आणि सही. आताचे साहेब म्हणाले, "मॅडम, कशाला? कुणाला दिसत नाही ते. उद्या तुम्हालाच कारणे दाखवा नोटीस निघेल." मी म्हटलं, "निघू द्या. कारण मी आधीच दाखवलंय." सभेत विषय आला तेव्हा 'वाचली असे समजून' म्हणायच्या आत मी उभी राहिले आणि टिपणी मोठ्यानं वाचली. दोघं-तिघं हसले. मंजूर झाली.

लातूरला फोन केला. मामींनी मामांच्या कानाला लावला. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "नोटीस कवा लावताय?"

"सोमवारी, मामा."

"मोठ्या अक्षरात लावा," म्हणाले. "आन् तीस दिवस नीट मोजा."

सोमवारी सकाळी मी स्वतः नोटीस फळ्यावर लावली. नागव्वा टोपलं घेऊन बाजाराकडं निघाली होती. आता कमरेत वाकलीय, नात बरोबर असते. फळ्याजवळ मला बघून ती थांबली, टोपलं खाली ठेवलं. "काय लावतीस, तंगी? वाच."

मी पूर्ण नोटीस वाचून दाखवली. घाट ऐकल्यावर तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांकडं बघितलं. "इथं घाट कुठं हाय?"

"नाही."

"मंग लिव्हलं कुनी?"

"मी," म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली, त्या दिवशी शिक्क्यासमोर बघत होती तशीच. मग वाकून टोपलं उचललं, डोक्यावर नीट बसवलं आणि चालायला लागता लागता म्हणाली, "मंग खोड की."